रेसची गाडी फोटोत उभी का दिसते?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. लोकलच्या गर्दीत ज्यांचे आकडे ऐकायचे राहिले, त्यांनी ते इथून घ्या.

प्रश्न साधा आहे. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेला आपण रेस बघायला एवढ्या लांब जातो. समोरून गाडी जाते तेव्हा कानठळ्या बसतात. आणि फोनमधला फोटो बघावा, तर गाडी जणू पार्किंगमध्ये लावलीये. असं का होतं?

थोडं गणित करू. ताशी १८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५० मीटर. भर उन्हात फोन स्वतःहून शटर १/२००० सेकंद किंवा त्याहूनही कमी ठेवतो. तेवढ्या वेळात गाडी सरकते फक्त अडीच सेंटिमीटर. चाकाचा घेर दोन मीटर धरला, तर चाक फिरतं साडेचार अंश. म्हणजे गाडी गोठली, चाकं गोठली, मागचं गवतही गोठलं. वेगाचा पुरावाच उरला नाही!

आता प्रो मोडमध्ये जाऊन शटर १/१२५ करा. त्याच वेगात गाडी ४० सेंटिमीटर जाते आणि चाक ७२ अंश फिरतं. पण फोन स्थिर धरलात तर गाडीच पुसट येईल. म्हणून फोन गाडीबरोबर फिरवायचा. याला पॅनिंग म्हणतात. गाडी स्पष्ट, चाकं फिरती आणि मागचं सगळं आडव्या रेघांमध्ये.

कसं करायचं? पाय घट्ट रोवा, कोपरं अंगाशी धरा आणि कमरेतून वळा. गाडी लांब असतानाच तिला फ्रेममध्ये घ्या. समोर आली की बर्स्ट मारा आणि नंतरही वळत राहा, बॅट्समनच्या फॉलो-थ्रूसारखं. सुरुवात १/२५० पासून करा, हात बसला की खाली या. दहातले आठ फोटो फुकट जाणार, हे गृहीतच धरा.

इथे फोनवाल्यांची एक खास अडचण येते. बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. मुख्य कॅमेरा एफ १.८ चा असेल आणि आयएसओ ५० वर ठेवला, तरी कडक उन्हात शटर साधारण १/४००० लागतं. ते १/१२५ केलं की ३२ पट उजेड आत येतो आणि फोटो पांढराफटक! उपाय म्हणजे फोनला चिमट्यासारखा लागणारा एनडी ३२ फिल्टर. तो फक्त उजेड कमी करतो, रंग बदलत नाही. फिल्टर नसेल तर ढगाळ हवा किंवा संध्याकाळचं सत्र पकडा. आयफोनच्या मूळ कॅमेरा अ‍ॅपमध्ये शटर हाताने ठरवता येत नाही, त्यासाठी वेगळं अ‍ॅप घ्यावं लागतं.

उभं कुठे राहायचं? सरळ पट्ट्यावर गाडीपासून १० मीटरवर असाल, तर ती समोर येते तेव्हा तुम्हाला सेकंदाला सुमारे २८६ अंशांच्या वेगाने वळावं लागेल. अशक्यच. तेच हळू वळणापाशी ४० मीटरवर उभे राहा. तिथे गाडी ताशी ७२ वर आली, तर हा वेग होतो साधारण २९ अंश, म्हणजे दहापट सोपं. मात्र गाडी हळू असल्यामुळे शटर १/६० पर्यंत उतरवा. टेलिफोटो लेन्स असेल तर तीच वापरा. नसेल तर नंतर क्रॉप करा.

दोन छोट्या गोष्टी. गाडी जिथून जाणार, रस्त्याच्या त्या जागेवर बोट दाबून फोकस आधीच लॉक करा. आणि एचडीआर बंद ठेवा, कारण तो अनेक फ्रेम एकत्र करतो आणि पळत्या गाडीची भुतं तयार होतात.

समोर जाळी असेल तर फोनची लेन्स एवढी लहान असते की ती एका भोकासमोर आरामात मावते. इथे मोठ्या कॅमेऱ्यापेक्षा फोन भारी! पण हात जाळीपलीकडे नाही, फ्लॅश नाही, आणि मार्शल "मागे व्हा" म्हणाला की वाद न घालता मागे व्हायचं. तिथे सुटलेलं एखादं चाक काय करू शकतं, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं.

एवढा खटाटोप कशाला? लाईक्स मिळतीलच. पण राष्ट्रीय रेसमध्ये विशीतली, कधी त्याहून लहान मुलं गाडी चालवत असतात. हा खेळ महागडा, स्पॉन्सर मिळवणं कठीण. पार्क केल्यासारख्या दिसणाऱ्या गाडीचा फोटो त्यांच्या काय कामाचा? वेग दिसणारा एक फोटो त्यांच्या टीमला पाठवून बघा.

सराव आजच सुरू करा. फुटपाथवर उभे राहा आणि समोरून जाणारा सायकलवाला १/३० वर टिपा. तो जमला की मग बस, मग बाईक. रेसच्या दिवशी हाताला शिकवायला वेळ नसतो.

भेटू पुढच्या भागात!