वीज गेली तरी लेख जाऊ नये: वर्डप्रेसमधल्या बिनखर्चाच्या सोयी

सीमाभागात हल्ली गावच्या यात्रेपासून मराठी शाळांच्या प्रश्नापर्यंत बरेचजण वर्डप्रेसवर लिहितात. यातलं पुष्कळसं दुसरीकडे कुठे छापलेलं नसतं. गेलं की गेलं. म्हणून वेगळं प्लगइन न घालता मिळणाऱ्या या सोयी माहीत हव्यात.

ऑटोसेव्ह: लिहिताना साधारण दर ६० सेकंदांनी मजकूर आपोआप साठवला जातो.

रिव्हिजन्स: चुकून परिच्छेद पुसलात, तर आधी साठवलेला मसुदा परत आणता येतो.

ट्रॅश: काढून टाकलेला लेख ३० दिवस तिथं राहतो, मग कायमचा जातो.

शेड्यूल: लेख ठरल्या वेळी प्रसिद्ध होतो. मात्र सेटिंग्जमध्ये टाइमझोन ‘कोलकाता’ निवडा. तो यूटीसीवर राहिला, तर सकाळी ६ चा लेख साडेअकराला दिसेल.

एक्स्पोर्ट: ‘टूल्स’मध्ये जाऊन सगळे लेख एका फाईलमध्ये उतरवता येतात. फोटो त्यात येत नाहीत, ते वेगळे ठेवा.

ही फाईल महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर घ्याच. उद्या होस्टिंगचे पैसे भरायचे राहून साइट बंद पडली, तरी त्याच फाईलवरून लेख नव्या साइटवर चढवता येतात.