सेल्फ फिरतोय, पण गाडी चालू होईना
लेखमाला ‘बॉनेटखाली’ : भाग सातवा

गणपती जवळ आले की लालबाग-परळच्या गल्ल्यांत टेम्पोवाल्यांना उसंत नसते. मंडपाचे बांबू, पत्रे, स्पीकरचे खोके, सगळं वाहून न्यायचं असतं. त्यामुळे रखडलेली इंजिनकामं त्याआधीच उरकायची असतात. मागच्या भागात आपण एका जुन्या टाटा ४०७ चं हेड उतरवलं, बोअर करून नवे पिस्टन-रिंग टाकले. आता सगळं जागच्या जागी बसलंय, चावी फिरवली आणि गाडी काही चालू होत नाही. मालक पंपाला दोष देतो, मिस्त्री बॅटरीला. मला दोन्ही पटत नाही. काम करण्याआधी चालणारा भाग कुणाचा हात न लागता एकाएकी बिघडणं तसं विरळाच, तेव्हा शोध हात लागलेल्या जागांपासूनच सुरू करावा.

आधी सेल्फ ऐका. तो कण्हत, रेटत फिरत असेल तर थोडा दोष नव्या रिंगांचा. बोअर केलेलं इंजिन जड असतंच. पण इंजिन उतरवताना सोडलेली अर्थिंगची पट्टी पुन्हा लावायची राहिली किंवा रंगावरच आवळली, हे फार वेळा घडतं. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर बॅटरी बदलायची गरज नाही, पट्टी घासून लावा. मीटर नसेल तर ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावून बघा. अर्थिंग तुटलं की करंट अशाच वाटेने परततो आणि केबल चटका देते.

सेल्फ टणटणीत फिरतोय, तर सायलेन्सरकडे जा. धुराचा मागमूस नसेल तर डिझेल नोझलपर्यंत पोचलेलंच नाही. स्टॉपरची केबल ओढलेलीच राहिली नाही ना, ते आधी पाहा. मग एअर काढा: फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा, बुडबुडे थांबले की आवळा, मग पंपाचा स्क्रू, शेवटी सेल्फ मारत नोझलच्या पायपांचे नट एकेक सैल करा. टाकीकडून नोझलकडे, हाच क्रम. (कॉमन रेलच्या नव्या गाड्यांवर हे शेवटचं काम चुकूनही करू नये. तिथला दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडीत घुसते.)

एअर काढूनही तासाभराने पुन्हा धरते, तेव्हा माणसं डिझेल कुठे गळतंय ते शोधत बसतात. सापडत नाही, कारण टाकी आणि फीड पंप यांच्यामधली लाइन ओढणारी आहे. तिथली फट बाहेर गळत नाही, आत हवा घेते. मधे हातभर पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. बहुतेकदा कारण निघतं ते जुनेच परत लावलेले तांब्याचे वॉशर. एकदा दबलेला वॉशर कडक होतो, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. जुने मिस्त्री तो लालबुंद तापवून मऊ करून घेतात. पण ऑपेरा हाऊसच्या पार्ट बाजारात नवा मिळत असताना एवढी काटकसर कशाला?

पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय, पेटत नाही. मुंबईत थंडीचं निमित्त चालत नाही. कॉम्प्रेशन कमी असेल तरी असाच धूर येतो, पण नुकतंच टायमिंग गिअर बसवलेलं असताना माझा पहिला संशय पंपाच्या टायमिंगवर. पिस्टन एकदा कॉम्प्रेशनला वर येतो, एकदा धूर बाहेर ढकलताना. क्रँकवरची खूण दोन्ही वेळा जुळते. पंप क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. तो अर्ध्या फेऱ्याने चुकून बसला तर डिझेल नेमकं दुसऱ्या वेळी पडतं. खात्री करायला टॅपेट कव्हर काढा, इंजिन हाताने फिरवा आणि पहिल्याकडे नाही, चौथ्या सिलिंडरकडे बघा. त्याचा एक व्हॉल्व्ह मिटत येतोय, दुसरा नुकता उघडतोय, अशा क्षणी पहिल्याचे दोन्ही टॅपेट सैल लागतात. हेच पहिल्याचं कॉम्प्रेशन. पंपाची खूण याच वेळी जुळायला हवी.

सेल्फ दहा-पंधरा सेकंदांवर मारू नये, मधे मिनिटभर थांबावं. राहिला धक्का. मंडळाची पोरं हौसेने जमतात. पण सेल्फ फिरता फिरता ‘ठक्’ करून अडला असेल तर धक्का अजिबात नको. हेडचं काम झालेल्या इंजिनात सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असू शकतं, पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पोरांना चहा पाजा, चारही नोझल काढा आणि बाजूला उभं राहून सेल्फ मारा. पाणी असेल तर फवारा उडेल.