सुखरूप पोचलो, म्हणजे सावध होतो काय?

दिवाळी आटोपून कापसाची वेचणी भरात आली, की अंजनगाव सुर्जीहून अकोटकडे आणि परतवाड्याकडे जाणारा रस्ता दिवेलागणीच्या सुमारास निराळेच रूप धारण करतो. कापसाने दोन्ही अंगांना फुगलेल्या ट्रॉल्या, त्यांच्यामागे झाकले गेलेले किंवा मुळीच नसलेले लाल दिवे, शेतातून परतणाऱ्या बंड्या, संत्र्याचे ट्रक आणि या साऱ्यांतून वाट काढीत घर गाठू पाहणारे ‘अपडाउन’वाले शिक्षक, कारकून व विद्यार्थी. यांपैकी कोणालाही विचारावे, तर उत्तर एकच मिळते : ‘आपण जपूनच चालवतो, लोक मात्र कसेही चालवतात.’ सारेच जर जपून चालवीत असतील, तर हे कसेही चालवणारे लोक येतात कोठून?

प्रस्तुत लेखकही काही वर्षांपूर्वीपर्यंत हेच उत्तर देत असे. एका संध्याकाळी याच रस्त्यावर, समोरचे नीट दिसत नसताना, त्याने आपली मोटारसायकल ट्रॉलीच्या पुढे काढली. समोरून मोटार आली. तिच्या चालकाने क्षणार्धात गाडी रस्त्याखाली उतरवली, म्हणूनच आज हा लेख लिहिला जात आहे. घरी पोचल्यावर मात्र ‘गाडी थोडक्यात काढली’ असे मोठ्या अभिमानाने सांगितले गेले. वस्तुतः आम्ही काहीच काढले नव्हते. वाचवले होते ते त्या अनोळखी माणसाने; आणि आमच्या बेपर्वाईची जमा आम्ही आमच्या कौशल्याच्या खात्यावर मांडली होती.

हा दोष केवळ वऱ्हाडचा नव्हे. ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्या गटातील इतर चालकांच्या तुलनेत आपण कोठे बसतो, असे त्याने अमेरिकन व स्वीडिश विद्यार्थ्यांना विचारले होते. कौशल्याच्या बाबतीत ९३ टक्के अमेरिकनांनी व ६९ टक्के स्वीडिशांनी स्वतःला वरच्या अर्ध्या भागात बसवले. सुरक्षिततेच्या बाबतीत हेच प्रमाण ८८ व ७७ टक्के निघाले. वर्गातील ९३ टक्के मुले वरच्या अर्ध्या भागात मावत नाहीत, हे गणिताच्या शिक्षकांना सांगावयास नको.

असे का व्हावे? विद्यार्थ्याचे गणित चुकले, तर वहीवर लगेच लाल फुली पडते. कारकुनाची बेरीज चुकली, तर हिशेब जुळत नाही. रस्ता मात्र असा चोख परीक्षक नाही. तेथे शंभरदा चुकीच्या जागी ‘ओव्हरटेक’ केले, तरी शंभरदा घरी पोचता येते आणि प्रत्येक वेळी चूक हीच योग्य पद्धत असल्याची खात्री अधिक पक्की होत जाते. शिवाय, आपण स्वतःला हेतूवरून जोखतो आणि दुसऱ्याला कृतीवरून. आपण वेगाने गेलो तर घंटा चुकत होती. दुसरा गेला तर तो माजला आहे!

पदार्थविज्ञानाला मात्र आपले हेतू ठाऊक नसतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे सरकते. समोरूनही तितक्याच वेगाने वाहन येत असेल, तर दोघांमधले ३०० मीटर अंतर अवघ्या ९ सेकंदांत संपते. वेग ४० वरून ८० वर नेला, की ब्रेक दाबल्यानंतर थांबावयास लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. म्हणजे दर तासाला १९. त्यांतील ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. आपल्याकडे ते आरशाला किंवा कोपराला लटकते, कारण ‘गावातल्या गावात’ जायचे असते. यांतील बहुतेकांची त्या सकाळी स्वतःविषयीची समजूत तुमच्याआमच्यासारखीच असेल.

यावर कोणी म्हणेल, की रस्तेच वाईट आहेत. खड्डे आहेत, कडा खचल्या आहेत, दिवे नाहीत. हे खरेच आहे आणि त्याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. ट्रॉलीमागे लाल परावर्तक पट्टी असल्याविना ती रस्त्यावर येऊ नये, हे पाहणे प्रशासनाचे कामच आहे. परंतु रस्ता वाईट आहे, हे वेग कमी करण्याचे कारण आहे. स्वतःला निर्दोष ठरवण्याचे नव्हे. समोरून प्रखर दिवा डोळ्यांवर आला, की आपण चिडतो. पण आपला दिवा ‘डिपर’वर घेण्यास कोणत्याही खात्याच्या मंजुरीची गरज नसते.

सर्वांत चिंतेची गोष्ट म्हणजे ही समजूत आपण पुढच्या पिढीच्या हाती किल्लीसकट देत आहोत. ‘पोरगा दहावीतच आहे, पण गाडी काय सफाईने चालवतो!’ हे कौतुक घरोघरी ऐकू येते. २०१९ च्या कायदादुरुस्तीने अशा गुन्ह्यात पालकाला अथवा वाहनमालकाला २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पण दंडाहून मोठी बाब ही, की हाताची सफाई आणि धोका ओळखण्याची जाण या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली आठवड्यात येते. दुसरीला वर्षे लागतात, आणि मोठ्यांनाच ती नसेल तर मुलाने ती शिकावी कोणाकडून?

उपाय खर्चाचा नाही. घरी पोचल्यावर ‘आज काही झाले नाही’ यावर समाधान न मानता, ‘आज माझ्यामुळे कितीजणांना ब्रेक दाबावा लागला?’ एवढे स्वतःस विचारावे. आपली सुरक्षितता बव्हंशी इतरांच्या सावधपणावर उसनी घेतलेली असते. हे उसने नेहमीच मिळेल, असे मात्र नाही. कारण ज्या दिवशी समोरचाही तुमच्याइतकाच ‘निष्णात’ निघेल, त्या दिवशी गाडी रस्त्याखाली उतरवणारा कोणीही नसेल.