विजेची मोटार : विकत घ्यावी कीं भाड्यानें ?

बदलापूर या नांवाविषयीं अशी एक आख्यायिका सांगतात कीं, पूर्वीं या वाटेनें जाणारे स्वार येथें थांबून थकलेले घोडे बदलीत व ताजे घोडे घेऊन पुढें जात. आख्यायिकेचा खरेखोटेपणा इतिहासकारांनीं ठरवावा. परंतु तिच्यांत व्यवहाराचें एक तत्त्व आहे. घोडा ज्याच्या मालकीचा, त्याला तो ठाणावर उभा असतांहि दाणावैरण घालावी लागते. घोडा ज्यानें भाड्यानें घेतला, त्याला चाललेल्या वाटेचेंच मोल पडतें. हाच प्रश्न आज विजेच्या मोटारीच्या रूपानें उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील अनेक कुटुंबांपुढें उभा आहे.

मध्यम स्थितींतील कुटुंबाला घराच्या खालोखाल मोठी खरेदी मोटारीचीच असते. तींत कित्येक वर्षांची शिल्लक खर्ची पडते, आणि करारावर सही झाल्यावर पश्चात्तापाचा उपयोग नसतो. म्हणून या विषयाचा विचार आधीं शांतपणें करावा. त्यासाठीं मोठी विद्या लागत नाहीं. वर्गांत शिकविलेले गुणाकार, भागाकार व सरळ व्याज एवढें पुरे आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. विजेच्या मोटारीच्या किंमतीचा मोठा हिस्सा तिच्या बॅटरीचा असतो. बॅटरी किलोवॅट-तासांनीं मोजतात. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या घरच्या वीजबिलांतील एक युनिट. मोटार घेण्याचे मार्ग मुख्यतः तीन : संपूर्ण मोटार विकत घेणें, मोटार विकत घेऊन बॅटरी तेवढी भाड्यानें घेणें, किंवा संपूर्ण मोटारच ठराविक मुदतीच्या भाडेपट्ट्यानें, म्हणजे लीजवर, घेणें.

दुसऱ्या मार्गाचें एक खरें उदाहरण पाहूं. एम. जी. कंपनीची विंडसर ही मोटार २०२४ च्या सप्टेंबरांत बाजारांत आली. तिच्या पहिल्या श्रेणीची शोरूममधील किंमत बॅटरीसह १३,५०,००० रुपये होती. बॅटरी भाड्यानें घेतल्यास ९,९९,००० रुपये, आणि शिवाय चाललेल्या प्रत्येक किलोमीटरला साडेतीन रुपये. वजाबाकी केली असतां बॅटरीचें मोल ३,५१,००० रुपये येतें. यास साडेतीनानें भागिलें कीं उत्तर सुमारें १,००,००० किलोमीटर येतें. म्हणजे, व्याज बाजूस ठेवल्यास, एक लाख किलोमीटर चालेपर्यंत भाडेकरू मालकापेक्षां कमी पैसे देतो. त्यापुढें मात्र भाडें त्याच्या अंगावर येतें. असे दर वेळोवेळीं बदलतात. परंतु हिशेबाची रीत बदलत नाहीं.

आतां दोन घरें कल्पूं. एक उल्हासनगरच्या व्यापाऱ्याचें. भिवंडी, ठाणें, मुंबई अशा फेऱ्यांत त्याची मोटार दरमहा १,७५० किलोमीटर चालते. त्याचें बॅटरीचें भाडें महिन्याला ६,१२५ व वर्षाला ७३,५०० रुपये होईल, आणि एक लाख किलोमीटर पावणेपांच वर्षांत पुरे होतील. बॅटरी विकत घेण्यासाठीं त्यानें ३,५१,००० रुपये द. सा. द. शे. ९ दरानें काढले, तर सरळ व्याज वर्षाला ३१,५९० रुपये होतें. तें जमेस धरिलें तर बरोबरीचा दिवस आठ वर्षांच्या थोडा पलीकडे जातो. मोटार दहा वर्षें वापरावयाची असेल तर त्यानें बॅटरी विकत घ्यावी. चार-पांच वर्षांत मोटार बदलावयाची असेल, तर भाडें त्याला सोयीचें पडण्याचा संभव आहे. मात्र मालकाची बॅटरी मोटारीबरोबर विकली जाते व तिचे कांहीं पैसे परत येतात, हें त्यानें विसरूं नये.

दुसरें घर बदलापूरच्या नोकरदाराचें. तो रोज सकाळीं लोकलनेंच मुंबईस जातो. मोटार रविवारीं, सणावारीं किंवा कोणी आजारी पडल्यास बाहेर निघते. महिन्याचे ४०० किलोमीटर धरल्यास बॅटरीचें भाडें १,४०० रुपये, म्हणजे वर्षाला १६,८०० रुपये होतें. व्याजापेक्षां तें कितीतरी कमी असल्यानें येथें भाडेपद्धति लाभाची दिसते. परंतु करारांत किमान अंतराची अट असूं शकते. समजा, मोटार चालो वा न चालो, दरमहा १,५०० किलोमीटरचे पैसे द्यावेच लागतील असें त्यांत लिहिलें आहे. मग याच गृहस्थास महिन्याला ५,२५० रुपये पडतील, आणि चाललेला प्रत्येक किलोमीटर नुसत्या बॅटरीपायीं तेरा रुपयांहून महाग होईल. विजेचा खर्च वेगळाच. एका ओळीच्या अटीनें सारा हिशेब उलटतो, तो असा.

संपूर्ण मोटारीच्या भाडेपट्ट्यांत मासिक हप्त्याचा आंकडा मोठ्या अक्षरांत छापतात. तेवढ्यावर भुलूं नये. दोन कल्पित करार घेऊं. पहिल्यांत ३६ महिने दरमहा २५,००० रुपये, एकूण ९,००,०००. दुसऱ्यांत दरमहा २०,०००, परंतु आरंभीं २,००,००० रुपये, जे परत मिळावयाचे नाहींत, एकूण ९,२०,०००. हप्ता लहान, तरी करार महाग. पण आणखी पुढें वाचूं. पहिल्या करारांत वर्षाला १०,००० किलोमीटरची मर्यादा असून अधिक चालल्यास किलोमीटरला १० रुपये दंड आहे. दुसऱ्याची मर्यादा १५,००० आहे. आपली मोटार वर्षाला १२,००० किलोमीटर चालणार असेल, तर पहिल्या करारांत तीन वर्षांत ६०,००० रुपयांची भर पडून बेरीज ९,६०,००० होते, आणि दुसराच करार स्वस्त ठरतो ! म्हणून एकच माप सर्वांस लावावें : मुदतींत हातचे जाणारे सर्व पैसे मांडावे, त्यांतून परत मिळणारे वजा करावे, आणि बाकीला आपल्या खऱ्या किलोमीटरांनीं भागावें.

मग भाडेपट्टा घ्यावाच कां ? त्याचेंहि एक सबळ कारण आहे. बॅटरीची विद्या झपाट्यानें पुढें जात आहे, आणि पांच वर्षांनीं आजच्या मोटारीला काय मोल येईल हें कोणास सांगवत नाहीं. भाडेपट्ट्यांत ही जोखीम मोटार देणाऱ्याकडे राहते. परंतु मुदतीपूर्वीं मोटार परत केल्यास दंड किती, विमा व दुरुस्ती कोणाकडे, आणि परत देतांना कोणत्या ओरखड्यास ‘झीज’ व कोणत्यास ‘नुकसान’ म्हणावयाचें, हें लेखीं असलें पाहिजे.

आतां श्रेणींचा विचार. एकाच मोटारीच्या तीन-चार श्रेणी असतात व विक्रेता साहजिकच वरची दाखवितो. टाटांची टियागो ही विजेची मोटार २०२२ च्या सप्टेंबरांत जाहीर झाली, तेव्हांच्या किंमती येथें बोधप्रद आहेत. एक्स्-टी या एकाच श्रेणींत १९·२ युनिटांची बॅटरी घेतल्यास ९,०९,००० रुपये व २४ युनिटांची घेतल्यास ९,९९,००० रुपये पडत. त्याच मोठ्या बॅटरीची वरची श्रेणी १०,७९,००० रुपयांस होती, व तींत जलद चार्जर हवा असल्यास आणखी ५०,००० रुपये. म्हणजे पहिल्या ९०,००० रुपयांनीं अंतर विकत मिळे, पुढच्या ८०,००० नीं सुखसोयी, आणि शेवटच्या ५०,००० नीं वेळ. अंबरनाथच्या कारखान्यांत काम करणाऱ्या व गांवांतच फिरणाऱ्या माणसाची मोटार रात्रभर उभीच असते. त्यानें वेळ कशास विकत घ्यावा? उलट विंडसरच्या पहिल्या तिन्ही श्रेणींत बॅटरी ३८ युनिटांची एकच होती. प्रत्येक पायरीला वाढणारे एक लाख रुपये मोठा पडदा, आसनें, कांचेचें छत अशा गोष्टींकडे जात. सोयी वाईट असतात असें नव्हे. पण आपण कशाचे पैसे देतों हें आपणांस ठाऊक असावें. आधीं सुरक्षितता, मग अंतर, आणि शोभा सर्वांच्या शेवटीं. जाहिरातींतील अंतर हें प्रयोगशाळेंतील कसोटीचें असल्यानें, व्यवहारांत त्याचा तीनचतुर्थांश धरून चालणें शहाणपणाचें.

आपल्या भागापुरत्या दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. पहिली विजेची. सदनिकेंत राहणाऱ्यानें मोटार ठरविण्यापूर्वीं आपल्या जागेपर्यंत वीज नेण्यास गृहनिर्माण संस्थेची लेखी संमति घ्यावी, आणि मंजूर वीजभार पुरेसा आहे कीं नाहीं याची महावितरणकडे चौकशी करावी. सार्वजनिक केंद्रावरील वीज बहुधा घरच्यापेक्षां महाग पडते; घरीं सोय नसल्यास वरील सर्व हिशेब पुन्हां मांडावा लागेल. दुसरी गोष्ट पाण्याची. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हास नदीच्या पुरानें बदलापूर व वांगणी यांमध्यें महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली, हें पुष्कळांस आठवत असेल. नदीकाठीं किंवा सखल जागीं राहणाऱ्यानें पुरांत बुडालेल्या बॅटरीची भरपाई विम्यांत आहे काय, आणि भाड्याची बॅटरी असल्यास ती कोण देणार, हें आधीं विचारून घ्यावें.

शुभवर्तमानांत बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टान्त आहे. पाया घालण्यापूर्वीं बसून खर्च मोजावा, हाच त्याचा बोध. विद्यार्थ्यांनो, घरीं मोटारीची गोष्ट निघाली तर कागद व पेन्सिल घेऊन वडिलांजवळ बसा, महिन्याचे किलोमीटर मोजा आणि भागाकार करून दाखवा. आणि पालकांस विनंति इतकीच कीं, मुलानें मांडलेला तो आंकडा सही करण्यापूर्वीं एकदां वाचावा. ज्या पैशानें मोटार यावयाची, त्याच पैशांतून मुलांचें पुढील शिक्षणहि व्हावयाचें असतें.