ज्याला दिसत नाही अशा मुलाची शाळा कशी असावी?

दृष्टिहीन मुलांसाठी इमारत म्हटली की आपल्याला पुण्या-मुंबईची निवासी अंधशाळाच आठवते. त्या शाळांचं काम मोठं आहे. ॲना मिलार्ड यांनी मुंबईत सुरू केलेली शाळा तर १९०० सालची. पण आता समावेशित शिक्षणामुळे चोपडा तालुक्यातल्या अडावद, लासूर, धानोऱ्यासारख्या गावांतही असं मूल गावच्याच जिल्हा परिषद शाळेत बसू शकतं. त्याला वाचायला ब्रेल लागते हे आपण मान्य केलंय. चालायला-वावरायलाही इमारतीची मदत लागते, हे मात्र अजून आपल्या गळी उतरलेलं नाही. याला कारण काही पक्के गैरसमज.

पहिला गैरसमज: दिसतच नाही, तर रंग आणि उजेडाचं काय?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी अशा दोन वेगळ्या व्याख्या आहेत. त्यातल्या त्यात चांगल्या डोळ्याची नजर चष्मा लावूनही ३/६० पेक्षा कमी असेल, तर ते अंधत्व. म्हणजे निकोप डोळ्याला साठ मीटरवरून जे दिसतं, ते या मुलाला तीन मीटरवरूनही धड दिसत नाही. त्याच्या वरची, साधारण ६/१८ पर्यंतची नजर अल्पदृष्टीत मोडते. संपूर्ण काळोखात जगणारी मुलं यात थोडी. उरलेल्यांना उजेड, सावली, एखादा ठळक रंग कळतो. पांढऱ्या भिंतीत पांढरंच दार असेल तर ते त्यांच्यासाठी नसल्यासारखंच. चौकट गडद रंगवली, पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारला, स्विचबोर्डाची पाटी काळी ठेवली, की तेच मूल कुणाला न विचारता वर्गात जातं.

आपल्याकडे ऊन हा वेगळाच प्रश्न आहे. वैशाखात भगभगीत अंगणातून एकदम अंधाऱ्या वर्गात पाऊल टाकलं, की चांगल्या डोळ्यांनाही क्षणभर काही दिसत नाही. अल्पदृष्टीच्या मुलाला सावरायला त्याहून जास्त वेळ लागतो. मध्ये ओसरी असेल तर डोळा टप्प्याटप्प्याने सरावतो. जुन्या खानदेशी घरांना ती होती. नव्या शाळाखोल्यांपुढेही ती चांगली रुंद असावी आणि तिथे चकाकणारी पांढरी टाइल लावू नये.

दुसरा गैरसमज: देव डोळे घेतो आणि कान तीक्ष्ण करून देतो.

हे बोलायला बरं वाटतं, पण मूल त्यात फसतं. ‘त्याला आपोआप कळतं’ असं एकदा ठरलं की कुणी काही शिकवत नाही. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९४४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. समोरची भिंत चेहऱ्याच्या त्वचेला जाणवते, असं काही अंध माणसं सांगत. त्यांचे कान बंद केल्यावर ती जाण गेली. पावलांचा आवाज भिंतीवर आदळून परत येई, त्यावरून त्यांना अंतर कळत होतं. डोळे बांधलेली डोळस माणसंही सरावाने हे शिकली. थोडक्यात, हे कसब आहे, आणि इमारत त्याला साथ देऊ शकते किंवा त्याचा विचका करू शकते.

गांधीनगरला २०२१ मध्ये दृष्टिबाधित मुलांसाठी एक शाळा उभी राहिली. वास्तुरचनाकार आनंद सोनेचा. तिथल्या मार्गिकेची उंची आणि रुंदी जागोजागी बदलते. प्रवेशाशी आवाज मोकळा घुमतो, आत जावं तसा आवळत जातो. आपण कुठे पोचलो, हे मुलाला स्वतःच्या पावलांवरून समजतं. याउलट सतरंजी नाही, पडदा नाही, वर पत्रा आणि खाली गुळगुळीत फरशी अशा खोलीत सगळेच आवाज एकमेकांत मिसळतात. त्यात कूलरची घरघर असली, की गुरुजी कोणत्या बाजूला उभे आहेत हेही उमगत नाही.

तिसरा गैरसमज: जितके पोत, जितके वास, तितकं चांगलं.

गांधीनगरच्या शाळेत प्लास्टरचे पाच पोत आहेत, पण शोभेसाठी नव्हेत. लांब भिंतीवर आडव्या रेघा, आखूड भिंतीवर उभ्या. हात लागला की दिशा कळते. वर्गाच्या दाराशी खडबडीत कोटा दगड, बाकी ठिकाणी गुळगुळीत. एका खुणेला एकच अर्थ, आणि तो साऱ्या इमारतीत सारखा. जपानच्या सेइची मियाके यांनी १९६५ साली शोधलेल्या खुणेच्या फरशीचंही हेच तत्त्व: लांब पट्ट्या म्हणजे चाला, ठिपके म्हणजे सावध. आपल्याकडे ती देखणी म्हणून वाटेल तशी बसवतात, कधी ती थेट खांबावर नेऊन सोडते. अशी फरशी नसलेली परवडली. सुगंधाचंही तसंच. पाण्याच्या टाकीजवळ मोगरा लावायचा तर तो तिथेच लावावा. चारही कोपऱ्यांत लावला तर त्याचा काही उपयोग नाही.

चौथा: हे परदेशी, खर्चिक काम आहे.

उलट, परदेशी नमुना जसाच्या तसा उचलला तर इथे तो बाधेल. उन्हात तापलेल्या लोखंडी कठड्याला चोपड्यात मे महिन्यात हात लावून पाहा. आधाराचा दांडा सावलीत हवा, शक्यतो लाकडी. प्लास्टर ओलं असताना त्यात रेघा ओढायला गवंड्याला वेगळी सामग्री लागत नाही.

शेवटचा गैरसमज सर्वांत घातक: मुलाचा हात धरला की झालं. हात कायम धरता येत नाही, आणि खरा धोका फक्त पायऱ्यांत नसतो. पांढरी काठी जमिनीलगतचं सांगते, छाती-डोक्याच्या उंचीचं नाही. व्हरांड्यात बाहेर उघडलेली खिडकीची झडप, अर्धवट लोटलेलं दार, जिन्याखालची उतरती बाजू यांवर कपाळमोक्ष होतो. सरकती किंवा आत उघडणारी खिडकी बसवा, दार पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद ठेवा, जिन्याखाली कट्टा बांधून टाका आणि व्हरांड्यात मोटारसायकल लावू नका.

शाळेची इमारत आणि आवार दिव्यांग मुलांना वापरता येण्याजोगं करणं, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांवर बंधनकारक आहे. शाळा व्यवस्थापन समितीने उन्हाळ्यातल्या रंगरंगोटीचा विषय घेताना यातली निदान चार कामं यादीत घालावीत. आणि रंगारी, गवंडी यायच्या आधी त्या मुलाला सोबत घेऊन सगळ्या शाळेत एक फेरी मारावी. कुठे अडखळायला होतं, ते त्यालाच विचारा.