टीबीची गोळी शुगरच्या गोळीला खाते!

चऱ्होलीतून चाकणची फर्स्ट शिफ्ट गाठायची, तर दिवस पहाटेच उजाडतो. त्यात टीबीच्या गोळ्या नुकत्याच सुरू झाल्या असतील, तर पहिला धक्का मोरीतच बसतो. लघवी चक्क केशरी! घाबरू नका, हा रिफाम्पिसिन या औषधाचा रंग. घाम, थुंकी, अश्रूही त्यात रंगतात. कॉन्टॅक्ट लेन्सवर तर डाग कायमचा राहू शकतो.

मधुमेह असलेल्याला दुसरा धक्का बसतो तो काही दिवसांनी. शुगरची गोळी तीच, ताटातल्या भाकऱ्या तेवढ्याच, पण ग्लुकोमीटरवरचा आकडा चढलेला. घरात लगेच चौकशी बसते, “अहो, गुपचूप जिलबी खाल्लीत ना?” बिचाऱ्याची काहीच चूक नसते.

आरोपी पुन्हा रिफाम्पिसिनच. औषधं मोडून काढणारी यकृतातली एन्झाइम्स ते वाढवतं. मग शुगरच्या कित्येक गोळ्या काम पुरं व्हायच्या आत शरीराबाहेर पडतात. निरोगी माणसांवर झालेल्या चाचण्यांत ग्लिमेपिराइडचा रक्तातला एकूण साठा साधारण एक तृतीयांशाने घटला, पायोग्लिटाझोनचा निम्म्याहून जास्त आणि ग्लिक्लाझाइडचा तर सुमारे ७० टक्के! गर्भनिरोधक गोळ्याही याच्या तावडीतून सुटत नाहीत. ही गोष्ट घराघरांत जरा मोकळेपणाने बोलली गेली तर बरं.

सुटते ती मेटफॉर्मिन. ती यकृतात मोडतच नाही, जशीच्या तशी मूत्रपिंडातून निघून जाते. इन्शुलिनलाही या एन्झाइम्सचं भय नाही. म्हणून शुगर फार चढली की डॉक्टर सुईकडे वळतात, आणि रुग्णाला वाटतं, आता आपलं काही खरं नाही. तसं काही नसतं.

गंमत म्हणजे टीबीसुद्धा स्वतः शुगर वाढवतो. ताप, जंतुसंसर्ग, शरीरावरचा ताण, सगळं त्यात आलं. उपचार लागू पडला की हा भाग उतरतो. म्हणजे आजार हटतोय म्हणून शुगर खाली आणि औषध चालू आहे म्हणून वर, अशी रस्सीखेच! एका दिवसाच्या आकड्यावरून डोस परस्पर वाढवायचा नाही, तो याचसाठी. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची शुगर तपासावी, हे सरकारी कार्यक्रमातच आहे. मधुमेह्यांना टीबीचा धोका इतरांपेक्षा दोन-तीन पट असतो.

पायाला मुंग्या? मधुमेहानेही येतात, टीबीच्या आयसोनियाझिड या औषधानेही. त्यावर बी-६ जीवनसत्त्वाची छोटी गोळी असते. ती ‘ताकदीची’ समजून टाळू नका. टीबीच्याच एथॅम्ब्युटॉल या औषधाची नजर डोळ्यांवर, मधुमेहाचीही तिथेच. रंग फिके दिसायला लागले की थेट डॉक्टर गाठायचे.

आता थोडा गावाकडचा अभिमान. चऱ्होलीपासून जवळच, पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे आपली एचए, उभी राहिली. आधी पेनिसिलिन, पुढे स्ट्रेप्टोमायसिन, टीबीचं ते जुनं इंजेक्शन. त्याचं शुगरच्या गोळ्यांशी असं भांडण नव्हतं, कारण ते यकृताच्या वाटेला जायचंच नाही. मूत्रपिंडं आणि कान मात्र सांभाळावे लागत.

आणि रिफाम्पिसिनच्या घराण्याचं नाव आलं कुठून? ‘रिफिफी’ या १९५५ च्या फ्रेंच दरोडापटावरून! इटलीतल्या संशोधकांनी टोपणनाव म्हणून ठेवलं आणि तेच चिकटलं.

पण शुगरची खरी हुलकावणी टीबीचा कोर्स संपल्यावर. सहा महिने झाले, घरी पेढे आले, रिफाम्पिसिन बंद. दोनेक आठवड्यांत यकृत पूर्वपदावर येतं आणि मधल्या काळात वाढवून दिलेली शुगरची गोळी आता पुऱ्या जोराने काम करू लागते. थर्ड शिफ्टला मशीनसमोर उभं असताना अचानक घाम, थरथर, भोवळ. ही शुगर चढल्याची नाही, उतरल्याची लक्षणं. तेव्हा कोर्स संपायची तारीख शुगरच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवायची, त्या पंधरवड्यात ग्लुकोमीटर जास्त वेळा काढायचा आणि डब्यासोबत खिशात ग्लुकोजची पुडी टाकायची.