मानापमान : नाटक आणि नाटक मंडळी

रंगभूमीवर एका सुरांत गाणाऱ्या माणसांचीं मनेंहि एका सुरांत असतात, असा प्रेक्षकांचा समज असतो. तो पुष्कळदां खरा नसतो. आपसांत न पटणाऱ्या मंडळींच्या हातूनहि चिरंजीव संगीत कसें निर्माण होतें, हें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमाना'च्या इतिहासावरून ध्यानांत येतें.

१२ मार्च १९११ रोजीं किर्लोस्कर नाटक मंडळीनें या नाटकाचा पहिला प्रयोग मुंबईस केला. संपत्तीच्या अभिमानानें गरीब परंतु शूर धैर्यधराचा अव्हेर करणारी भामिनी बालगंधर्वांनीं उभी केली. धैर्यधर नानासाहेब जोगळेकर झाले होते आणि भेकड लक्ष्मीधर गणपतराव बोडस. त्याच दिवशीं बालगंधर्वांची तान्ही मुलगी निवर्तली होती. तरीहि त्यांनीं प्रयोग थांबूं दिला नाहीं. साकी-दिंडीला सरावलेल्या श्रोत्यांना गोविंदराव टेंब्यांनीं ठुमरी, दादरा, कजरी अशा उत्तरेकडील ढंगाच्या चालींची गोडी लावली.

परंतु त्याच वर्षीं जोगळेकर वारले आणि मंडळींतील तोल गेला. नाटक मंडळी हें एक फिरतें कुटुंबच असे. मात्र या कुटुंबांत कारभार मालकांच्या हातीं आणि गर्दी खेंचण्याचें सामर्थ्य नटांच्या अंगीं. शंकरराव मुजुमदारांच्या व्यवस्थेशीं प्रमुख नटांचें जमेना. अखेर १९१३ सालीं बालगंधर्व, बोडस आणि टेंबे यांनीं बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. मानापमानाचें नाटक रंगवितां रंगवितां तोच प्रश्न पडद्यामागेंहि उभा राहिला!

या फुटीनें नाटक बुडालें नाहीं. उलट त्याला नवे गळे लाभले. किर्लोस्कर मंडळींत पुढें मास्टर दीनानाथ आले. १९१८ सालीं तेहि तेथून निघाले व बळवंत संगीत मंडळींत त्यांनीं आपल्या तेजस्वी गायकीनें धैर्यधराचीं पदें निराळ्याच थाटांत गाइलीं. एकत्र राहून जें एकाच वळणानें गाइलें गेलें असतें, तें वेगळें होऊन अनेक वळणांनीं वाढलें.

तथापि स्पर्धेलाहि मर्यादा होती. ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं मुंबईस 'संयुक्त मानापमान' झालें. भामिनी बालगंधर्वांची आणि धैर्यधर ललितकलादर्शाचे केशवराव भोसले, म्हणजे त्यांचे तुल्यबळ प्रतिस्पर्धी. तिकिटाचा वरचा दर १०० रुपये होता आणि उत्पन्न १६ हजारांहून अधिक झालें. उणेंपुरें तीन महिने लोटले नाहींत तोंच, ४ ऑक्टोबरला, केशवराव निवर्तले. ती जोडी पुन्हा दिसणें नव्हतें.

कलावंतांचीं भांडणें बहुधा खोटीं नसतात. हिशेब, हक्क आणि मान हे प्रश्न खरेच असतात. मात्र ज्यांनीं ते पडद्यामागें ठेवून रंगभूमीवर सूर सांभाळला, त्यांच्याच परिश्रमांमुळें शंभर वर्षें उलटल्यावरहि मराठी घरांत हीं पदें गुणगुणलीं जातात.